वाळूचा जमाखर्च



समुद्र किनारा खातो, असे आपण म्हणतो. त्यात सारा दोष समुद्राच्या माथी जातो आणि माणूस नामानिराळा राहतो. मी इंजिनिअर नव्हे. माझी हयात कामगार संघटनेत गेली. मालकाचा जमाखर्च तपासायची सवय तिथेच लागली. आज वाळूचा जमाखर्च तपासू.

लाटा किनाऱ्याला बहुधा तिरप्या येऊन भिडतात, म्हणून वाळू काठाकाठाने पुढे सरकत असते. आपल्या गावची पुळण म्हणजे मागच्या गावाकडून आलेली आणि पुढच्या गावाचे देणे असलेली ठेव होय. मध्येच आडवा बांध घातला, की अलीकडे पुळण फुगते आणि पलीकडची उपाशी मरते.

पुदुच्चेरीत हेच झाले. तिथे वर्षाचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. १९८६ ते १९८९ या काळात शहराच्या दक्षिणेस बंदरासाठी समुद्रात दगडी बांध घातले गेले. अडलेली वाळू पंपाने पलीकडे टाकण्याची सोय योजनेत होती, पण ती नीट चालविली गेली नाही. शहरापुढची पुळण गेली. मग काठावर दगड रचले; रस्ता वाचला, पुळण परतली नाही. भिंत जमीन राखते, पुळण राखीत नाही. धूप तशीच उत्तरेला, तामिळनाडूतील कोळ्यांच्या गावांपर्यंत सरकली. पर्यटकाला दुसरा किनारा सापडतो. ज्याला होडी ओढून ठेवायला जागा उरली नाही, त्या कोळ्याने कुठे जावे?

२०१८ साली राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या योजनेनुसार तिथे पाण्याखाली पाचरीसारखा पोलादी बांध बसविला गेला आणि त्याच्या आडोशाने शहरापुढे पुन्हा पुळण धरली. आनंदाची गोष्ट आहे. पण उत्तरेच्या गावांचे देणे त्याने फिटत नाही.

ते फेडता येते काय? ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखावरचे बांध १९६० नंतरच्या काही वर्षांत लांबविले, तेव्हा गोल्ड कोस्टच्या दक्षिण टोकाची पुळण अशीच झिजली. १९९५ साली न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांनी करार केला. २००१ पासून पंप नदीखालच्या नळातून वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू पलीकडे पोचवितात. आरंभी वाळू जास्त पडली, तक्रारी झाल्या. पण देणे कोणाचे, हा वाद राहिला नाही.

बांधाचे उद्‌घाटन थाटात होते. पंप चालविणाऱ्याच्या पगाराची तरतूद मात्र कोणाला आठवत नाही. कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे कंत्राट निघेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. वाळू येते कुठून? अडली तर पुढे कोण पोचविणार? आणि त्याचा दरवर्षीचा खर्च कोणाच्या नावावर? बंदर आणि हॉटेल यांचा नफा एका वहीत आणि कोळ्याचा तोटा दुसऱ्या वहीत, असा हिशेब आपण मान्य करू नये. वही एकच असली पाहिजे.