विमानाचा ताबा



युद्धाच्या पुस्तकांत विमान एका ओळीत कारखान्यातून निघते आणि पुढच्याच ओळीत बर्लिनवर असते. आम्ही कारखान्याच्या फाटकाशी जन्म काढलेली माणसे. माल फाटकाबाहेर पडला की तो कोणाच्या सहीने कोणाच्या दारी जातो, हे पाहण्याची आमची खोडच आहे. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बाँबफेकी विमानांच्या बाबतीत त्या दोन ओळींमधला मजकूर आम्ही वाचनालयांतून धुंडाळला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

डेट्रॉइटजवळ विलो रन येथे फोर्डचा प्रचंड कारखाना होता. वर्षानुवर्षे कामगार संघटनेला दाराशी उभे न करणाऱ्या फोर्डने १९४१ साली संघटनेशी करार केला. पुढे १९४४ मध्ये येथील कामगारांनी चार एंजिनांची बी-२४ लिबरेटर विमाने तासाला सुमारे एक या वेगाने बाहेर काढली. परंतु विमान तयार झाले म्हणजे ते वायुदलाचे झाले, असे नव्हे. कंपनीचा वैमानिक ते उडवून पाही. मग वायुदलाची माणसे तपासणी करून ताबा घेत. तोवर ते कंपनीचे.

आता गंमत पाहा. ताब्यात आलेले हे नवे कोरे विमान लढाईवर न जाता पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात जाई! रणांगणावरून सारख्या नव्या मागण्या येत. येथे तोफ वाढवा, तेथे टाकी बदला, थंड मुलुखासाठी अमुक करा, वाळवंटासाठी तमुक करा. दर मागणीला मुख्य कारखाना थांबवला असता तर विमाने झालीच नसती. चालू साचा थांबवायचे म्हटले की मालकाचा जीव कसा कासावीस होतो, हे गिरणीत काम केलेल्यांस सांगावयास नको. म्हणून १९४२ पासून निराळी सुधारणा केंद्रे उघडली गेली. वायोमिंग संस्थानातील चेयेन येथे युनायटेड एअरलाइन्स या प्रवासी कंपनीने असे एक केंद्र बी-१७ विमानांसाठी चालवले. शेपटीकडच्या तोफांची एक सुधारलेली रचना तेथेच निघाली. पुढे मुख्य कारखान्यांनी ती उचलली आणि तिला नावही चेयेनचेच राहिले. नवी कल्पना नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीतूनच येते, असा समज असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

देशातल्या देशात विमाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत हजारावर स्त्रिया होत्या. वास्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वैमानिकांनी बारा हजारांहून अधिक विमाने पोचती केली. त्यांपैकी अडतीस जणी कामावर मेल्या. वायुदलाचे काम, वायुदलाची शिस्त. पण कागदोपत्री या बायका मुलकी नोकर! त्यामुळे लष्करी अंत्यविधी नाही, विमा नाही. मेलेल्या मुलीचे शव घरी पाठवण्यासाठी मैत्रिणींनी आपसांत वर्गणी काढावी, असे प्रसंग आले. काम कायमचे आणि कामगार हंगामी, ही युक्ती आपल्याकडेच निघाली असे आम्हांस वाटत असे. १९४४ च्या डिसेंबरात त्यांचे दल मोडले गेले आणि लष्करी सेवेचा दर्जा मिळाला १९७७ साली.

नेब्रास्कातील कर्नी यांसारख्या तळांवर दहा जणांच्या नव्या चमूला नवे विमान मिळे. वैमानिक सही करून ते घेई. वीस-बावीस वर्षांची पोरे ती! आपलेच विमान म्हणून त्याला हौसेने नाव ठेवीत, न्यूफाउंडलंडवरून अटलांटिक ओलांडीत आणि ब्रिटनला उतरत. उतरताच विमान त्यांच्याकडून काढून घेतले जाई. ते लँकेशायरमधील बर्टनवुडसारख्या दुरुस्ती-आगाराकडे, आणि पोरे आगगाडीने भलतीकडे. याविषयीची हळहळ अनेकांनी पुढे लिहून ठेवली आहे.

विमान कोठे द्यावयाचे, ते ज्या तळावर जागा रिकामी झाली असेल त्यावरून ठरे. जागा कशी रिकामी होई? १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग-कारखान्यांवर २९१ बी-१७ विमाने निघाली. त्यांतली ६० परतली नाहीत. म्हणजे एका दिवसात ६० विमाने आणि सहाशे माणसे यांची मागणी! पथकात आल्यावर त्याच्या अंगावर पथकाची अक्षरे रंगवीत. पण त्याचा खरा धनी जमिनीवरचा मुख्य मेकॅनिक असे. वरचे चमू बदलत, हा बदलत नसे. नवख्या चमूच्या वाट्याला बहुधा जुने विमान येई.

सिअॅटलच्या बोइंग कामगारांनी १९४४ साली पर्ल हार्बरनंतरच्या आपल्या पाच हजाराव्या बी-१७ वर नाकापासून शेपटीपर्यंत स्वतःच्या सह्या केल्या. या ‘फाइव्ह ग्रँड’ विमानाच्या सह्या पुसल्या न जाता ते तसेच इंग्लंडातील ९६ व्या बाँबर गटाकडे गेले आणि ७८ मोहिमा करून परत आले. सिअॅटलमध्ये ते स्मारक म्हणून ठेवावे, असे घाटत होते. अखेर अॅरिझोनातील किंगमन येथे ते भंगारात निघाले.

लिबरेटरची कथा मात्र आपल्या दारापर्यंत येते. युद्ध संपल्यावर दोस्त सैन्याने पुष्कळ लिबरेटर विमाने कानपूरला टाकून दिली. पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी ती उडण्यापुरती सावरली, बंगळूरला नेली आणि तेथे चाळीसएक विमाने पुरती उभी केली. युद्धकाळात याच कारखान्यात अमेरिकन विमाने दुरुस्त होत, त्यामुळे हात बसलेला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर आपल्या वायुदलाचे पाचवे पथक उभे राहिले. १९५१ च्या जानेवारीत आपल्या पुण्यालाच सहावे पथक ती घेऊन पुन्हा सुरू झाले आणि समुद्रावर पहारा करू लागले. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. त्यांतले एक विमान भारताने अमेरिकेला भेट दिले. ते अॅरिझोनातच, टूसॉनच्या संग्रहालयात आहे.