विंचवाचे विष आणि संशोधनाचे मोल



वैद्यकीय संशोधकाची थोरवी कशावर ठरवावी, हा प्रश्न आज विद्यापीठांच्या दप्तरांत अंकगणिताने सोडविला जातो. निबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांत छापले गेले आणि पुढील संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, यांवर बढती, अनुदान आणि कीर्ती अवलंबून असते. एखादा विचार पुढे कोणाच्या कामात उतरला याचा माग अभ्यासकाला लागावा, मुख्यतः या हेतूने युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती सूची प्रसिद्ध झाली. पण त्या खुणा मोजून माणसाची किंमत ठरविण्याची रीत त्यातूनच रूढ झाली, आणि २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तर सबंध आयुष्याचे कार्य एकाच अंकात बसविले. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ लाभले, त्याचा अंक २०.

हे माप डॉ. हिंमतराव बावसकरांना लावून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९७६ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. कोकणातील लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, तेथे येत. आधी वांत्या आणि दरदरून घाम, मग हातपाय गार, आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू, हा क्रम त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहून टिपून ठेवला. विषामुळे मज्जातंतूंतून उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या भाराखाली हृदय खचते, हे उमगल्यावर रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध येथे उपयोगी पडेल असे त्यांनी ताडले. विंचूदंशातील हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला प्राझोसिनविषयीचा निबंध १९८६ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण या उपचाराने एक-दोनावर आले. एवढ्यावर न थांबता विंचवाची प्रतिविष लस आणि प्राझोसिन यांची जोड त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर पारखली: १० तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ जणांत ३२, आणि केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांत ८. तो निबंध २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता संदर्भांची गणना करू गेल्यास एक अडचण उभी राहते. विंचूदंश हा उष्ण प्रदेशांतील गरिबांचा रोग. त्यावर लिहिणारे मोजके, म्हणून संदर्भ देणारेही मोजके. श्रीमंत देशांच्या रोगांवर मध्यम प्रतीचा निबंध लिहिणाऱ्यास याहून अधिक संदर्भ सहज लाभतील. शिवाय ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मध्यरात्री आलेल्या पोराला प्राझोसिनची गोळी देऊन वाचविले, तो निबंध लिहीत नाही. त्याने या निबंधाचा केलेला उपयोग कोणत्याच सूचीत चढत नाही. माझ्या मते हेच या मोजणीचे मुख्य वैगुण्य होय. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे नियतकालिकांच्या संपादक-प्रकाशकांनी, नियतकालिकाला लाभलेल्या संदर्भांच्या आकड्यावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये अशी शिफारस केली, ते योग्यच केले.

मात्र यावरून निबंध लिहिणे व्यर्थ, असा अर्थ कोणी काढू नये. बावसकरांनी आपले निरीक्षण छापले नसते, तर ती विद्या महाडच्या घाटाखालीच राहिली असती आणि सावित्री नदीच्या खोऱ्याबाहेरची मुले पूर्वीप्रमाणेच दगावत राहिली असती. आपल्या या नीरा-भीमा नद्यांच्या टापूतही, उसाच्या फडांत आणि दगडी बांधांवर, विंचू-सापाचे भय नवे नाही. म्हणून येथील डॉक्टरांना माझी विनंती आहे, की प्रत्येक दंशाची वेळ, लक्षणे आणि दिलेला उपचार यांची तपशीलवार नोंद ठेवा व ती प्रसिद्ध करा. आणि इतर सर्वांना सांगणे एवढेच, की विंचू चावल्यावर घाम व वांत्या सुरू झालेल्या मुलाला मंत्राने विष उतरविणाऱ्याकडे न नेता तत्काळ दवाखान्यात पोहोचवा.