झऱ्याची नोंद कुणाच्या वहीत?

(९ ऑगस्टला अंदर मावळातल्या वाडीवर झालेल्या सभेतलं भाषण. पाणलोट आणि पाण्याचं प्रदूषण या विषयावर काम करायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी सभेला बसले होते.)



आज जगातल्या आदिवासींचा दिवस. आपल्या मावळात या तारखेची आणखी एक आठवण आहे. २०११ साली याच दिवशी बऊरजवळ एक्सप्रेस वेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपातून पाणी न्यायला शेतकऱ्यांचा विरोध होता. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, शामराव तुपे अशी तीन माणसं गेली. तेव्हा पाहुण्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मावळात पाणी हा नुसता अभ्यासाचा विषय नाही.

आता मुद्द्याचं बोलते. ही पोरं आठ दिवस राहणार, ओहोळ मोजणार, पाणी तपासणार. कॉलेजची पोरं गावात येणं नवं नाही. एन.एस.एस. १९६९ पासून आहे, त्यांचे कॅम्प आपण पाहिलेत. २०२० च्या शिक्षण धोरणाने तर समाजात जाऊन केलेल्या कामाला मार्क धरलेत. चांगलंच आहे.

पण माझा एक अनुभव सांगते. मी बारावी झाले त्या साली असाच एक गट आला होता. मी त्यांना सगळे पाणवठे दाखवले. उंबराखालचा झरा, खालचा डोह, उन्हाळ्यात आपण डवरा खणतो ती जागा. आजीनं कुठला झरा कधी आटतो ते सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, बाटल्या भरल्या, फोटो काढले. नंतर मी फोन करून विचारलं, पाणी कसं निघालं? म्हणाले, रिपोर्ट कॉलेजात जमा केला. पोरांना मार्क मिळाले. आजी गेली. तिनं सांगितलेलं कुणाच्या तरी कपाटात आहे, आपल्याकडे नाही.

मी रागानं बोलत नाही. पोरं गुणी होती. चूक आपलीही होती, आपण मागितलंच नाही. आता का मागायचं, ते ऐका.

पाणलोट म्हणजे काय? पळसाचा द्रोण घ्या. कडेला कुठंही थेंब टाका, तो तळाशी येतो. डोंगराचा उतार हा तसा द्रोण आहे आणि तळाला आपला पाणवठा आहे. वरच्या अंगाला झाड तुटलं, मुरूम उपसला, बंगल्याच्या संडासाची टाकी फुटली, तर ते आपल्या हंड्यात येणार. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला इंद्रायणी उगवते. तीच कामशेतवरून देहू-आळंदीला जाते आणि तिथं फेसानं पांढरी झालेली दिसते. देशातल्या प्रदूषित नद्यांची यादी २०१८ साली केंद्राच्या प्रदूषण मंडळानं काढली. ३५१ पट्टे निघाले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. इंद्रायणी आणि पवना दोन्ही त्यात आहेत. आणि वळवणचं पाणी तर १९१५ पासून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात जातंय. डोंगर आपला, पाणी दुसरीकडं, असं शंभर वर्षं चाललंय.

यावर कायदे आहेत. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. त्यात नदी-ओढ्याचा अर्थ लावताना वाहतं पाणी तर धरलंच आहे, पण सध्या कोरडा असलेला ओहोळसुद्धा धरला आहे, जमिनीखालचं पाणीही धरलं आहे. म्हणजे उन्हाळ्यात सुकलेल्या ओहोळात घाण टाकली तरी कायदा मोडतोच. पण एक ध्यानात घ्या. या कायद्याखाली कुणावर खटला चालवायचा तर सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानं ठरल्या पद्धतीनं, नोटीस देऊन, सील करून घ्यावा लागतो. कॉलेजच्या पोरांची बाटली तिथं पुरावा म्हणून चालत नाही. ती दाखवून मंडळाला तक्रार करता येते, मंडळानं इथं यावं म्हणून मागं लागता येतं. तेवढं कराच.

पण पोरांच्या वहीचं खरं मोल दुसऱ्या कायद्यात आहे. तो म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. आपल्याला पेसा लागू नाही. पुणे जिल्ह्यात तो आंबेगाव-जुन्नरच्या भागात आहे, मावळात नाही. म्हणून काही जण म्हणतात, आपल्याला काही हक्कच नाहीत. तसं नाही. वनहक्क सगळीकडं आहे. आपण बहुतेकांनी आपापल्या दळीचा, घराचा दावा टाकला. जंगलाचा सामूहिक दावा मागं राहिला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो गावानं मिळून मागितला म्हणून मिळाला.

सामूहिक दाव्याला पुरावा काय लागतो? नियम १३ वाचा. माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा, मासे धरायच्या जागा, कंदमुळं आणि औषधीच्या जागा, चराईचं रान, देवराई, मसणवटा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा चालतो. म्हणजे ही पोरं जे लिहिणार तेच! शिवाय कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार देतं. हक्क कागदावर आला की वरच्या अंगाला जंगलात कुणी खणायला लागला तर आपण हात जोडून विनवायचं नाही, अडवायचं.

नुसता नकाशा म्हणजे दावा नव्हे, हेही सांगते. ग्रामसभेचा ठराव लागतो, वनहक्क समितीनं जागेवर जाऊन पडताळणी करावी लागते, मग फाईल प्रांताच्या समितीकडं, तिथून कलेक्टरच्या समितीकडं. चकरा माराव्या लागतील. पण फाईलमध्ये काही असेल तर चकरेला अर्थ.

पोरांनो, आता तुम्हाला. तुमचा तो छोटा मीटर पाण्यातले क्षार मोजतो. आकडा कमी आला म्हणून पाणी चांगलं असं आमच्या बायांना सांगू नका. मैला मिसळला का, ते त्यात कळत नाही. त्याला काळी पडणारी बाटली लागते. पाणी भरून उबेला दोन दिवस ठेवायचं, काळं झालं तर ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. ती तपासणी तुम्ही करून जाऊ नका, आम्हाला शिकवून जा. जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायांनी पाणी तपासायला शिकायचं असं आहेच. त्या पाच जणी तुमच्याबरोबर फिरतील.

म्हणून मी सभेपुढं हा ठराव ठेवते.

एक, वाडीवर अभ्यास करायचा तर आधी ग्रामसभेला विचारायचं. काय लिहिणार, कुणाला देणार, ते मराठीत एका कागदावर द्यायचं.

दोन, जाण्याआधी सगळं इथं, या चावडीवर, मराठीत वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर म्हातारी माणसं दुरुस्त करतील. एक प्रत ग्रामसभेच्या फाईलला लावायची.

तीन, नकाशात झऱ्या-डोहांची नावं आपण म्हणतो तीच. औषधी मुळ्यांच्या जागा बाहेरच्या प्रतीत टाकायच्या की नाही, ते आपले वैदू ठरवतील.

चार, साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा जबाब लिहून घ्यायचा आणि त्यावर अंगठा-सही घ्यायची. हे काम पोरांनी उद्यापासून सुरू करावं. माझी आजी राहून गेली. आणखी कुणाची राहू नये.

पाच, दिवाळीच्या आत सामूहिक दाव्याची फाईल प्रांताकडं द्यायची आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याबिगर कुणी परत यायचं नाही.

ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. बायांनो, तुम्ही आधी करा, हंडा तुमच्या डोक्यावर असतो.

जिंदाबाद!