दांडा आणि हात

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्यापैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां कोणावर तरी फेंकलेली असेल. झाडाच्या पोटीं जन्मून झाडावरच उलटणारा घरभेद्या, अशी त्या बिचाऱ्या दांड्याची अपकीर्ति आहे. त्या आरोपाचा निवाडा करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. माझें गाऱ्हाणें निराळेंच आहे. म्हणीबाहेर आपण शहरांतील माणसें दांड्याची आठवणच ठेवीत नाहीं. हत्यार विकत घेतांना आपण पातें पाहतों, धार पाहतों, पोलाद वाजवून पाहतों. दांडा हातांत कसा बसतो हें पाहण्याचें मनांतहि येत नाहीं. वास्तविक पातें लाकडाला लागतें, पण दांडा माणसाला लागतो.

ज्यांचें पोट हत्यारावर आहे त्यांना हें सांगावें लागत नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली हे आपल्या राज्याच्या अगदीं पूर्वेकडील दोन वनजिल्हे घ्या. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि जुन्या कागदपत्रांत त्याचें नांव चांदा. तेथील गोंड व माडिया पुरुष घराबाहेर पडला कीं त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असावयाचीच, अशी तिकडची जुनी रीत. सरपण, कुंपण, रानांतली वाट, सारें तिच्यावर. या मुलखांतील आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. पण घरबांधणींत राजा असलेला साग दांड्याच्या कामीं मागें पडतो. दांड्याला नुसता टिकाऊपणा पुरत नाहीं; घावाचा हादरा सोसून न मोडण्याचा चिवटपणा लागतो. तो गुण धावड्यांत आहे, धामणींत आहे, तिवसांत आहे. धावडा आपल्याला लाडवांतील डिंकामुळें ठाऊक. इंग्रजींत मात्र त्याला गाडीच्या आंसाचें लाकूड अशा अर्थाचें नांव पडलें. खड्ड्याखळग्यांत आंसाला जे धक्के खावे लागतात, तेच कुऱ्हाडीच्या दांड्यालाहि खावे लागतात.

दांडा करावयाचा तो गांठी नसलेल्या सरळ लाकडाचा. तें लाकूड करवतीनें कापण्यापेक्षां फोडून घेतलेलें बरें. फोडतांना तें आपल्या रेषेनेंच दुभंगतें आणि त्याचे तंतू या टोंकापासून त्या टोंकापर्यंत अखंड राहतात. करवत ती रेषा जुमानीत नाहीं. जेथें तंतू तिरपे कापले गेले तेथेंच पुढें दांडा मोडतो. मग तें लाकूड सावलींत वाळवावयाचें. ओल्या लाकडाचा दांडा नेढ्यांत घट्ट बसला तरी वाळल्यावर आंखडतो, आणि सैल झालेलें पातें एखाद्या दिवशीं उसळून कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. यानंतर वासल्यानें आकार द्यावा आणि फुटक्या कांचेच्या तुकड्यानें तो खरवडून गुळगुळीत करावा. आकार गोल नसावा, अंड्यासारखा लांबट असावा. गोल दांडा मुठींत फिरतो. लांबट दांडा, धार कोणीकडे आहे, हें न पाहतां हाताला सांगतो. शेंवटास थोडा फुगवटा ठेवावा, म्हणजे घामेजलेला हात निसटत नाहीं. वरून जवसाचें तेल चोळावें, कारण तें वाळून लाकडावर पातळ कवच धरतें. मोहाच्या बियांचें तेल तसें वाळत नाहीं. बाजारी दांड्यावरचें चकचकीत व्हार्निश दिसावयास छान, पण कष्टाच्या कामांत तेंच तळहाताला फोड आणतें.

आतां मुख्य प्रश्न मापाचा. मूठ आवळली असतां बोटांचीं टोंकें तळहाताला जेमतेम टेंकावीं. तीं तळहातांत रुतूं लागलीं तर दांडा बारीक. एका बोटाहून अधिक अंतर राहिलें तर जाड. मध्यम हाताला हें माप सुमारें सव्वा ते दीड इंच भरतें. बारीक दांडा प्रथम हलका वाटतो, पण तो आवरून धरण्यासाठीं मूठ सतत आवळावी लागते आणि थोड्याच वेळांत मनगट भरून येतें. जाड दांड्याभोंवतीं बोटें पुरत नाहींत, आणि दर घावाला तो निसटण्याची भीति राहते. बाजारी दांड्याचें वैगुण्य येथेंच उघड होतें. तो एका मापाचा असतो. हात एका मापाचे नसतात. पुरुषाच्या हाताला बेतलेली कुदळ मातीकामावर स्त्रीच्या हातीं येते. फोड तिच्या तळहाताला येतात, आणि दोष मात्र तिच्या नाजूकपणाला दिला जातो.

उपाय अवघड नाहीं. बारीक दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी, खालच्या टोंकापासून आरंभ करून, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढवीत, ताणून गुंडाळावी आणि वर दोऱ्यानें बांधावी. चिंधीहि चालते, पण ती घाम पिते, सैल होते, आणि तिच्या घड्या हाताला कांचतात. जाड दांडा तासावा, पण थोडा थोडा आणि दर वेळीं मूठ आवळून पाहत. तासलेलें लाकूड परत येत नाहीं.

हाच विचार खेळांतहि आहे. खेड्यांतील मुलगा विटीदांडूचा दांडू आपल्या हाताला साजेशा फांदीचा करतो आणि तिचें एक टोंक मुठीपुरतें तासतो. अमेरिकेंतील बेसबॉलची बॅट म्हणजे त्या दांडूचेंच थोरलें भावंड: एकाच लाकडाची, मुठीकडे निमुळती, शेंवटास फुगवटा असलेली. पूर्वीं ती हिकरी नांवाच्या लाकडाची करीत, आणि तिकडे कुऱ्हाडीच्या दांड्यालाहि हिकरीलाच मान. तेथील खेळाडू मूठ खरवडून बारीक करतात, तिच्यावर पट्टी गुंडाळतात, पाइन वृक्षाचें चिकट डांबर फांसतात. मात्र असा लेप मुठीच्या टोंकापासून १८ इंचांपलीकडे जाऊं नये असा नियम आहे. २४ जुलै १९८३ रोजीं न्यूयॉर्क येथें जॉर्ज ब्रेट या खेळाडूचा निर्णायक फटका पंचांनीं याच कारणासाठीं रद्द केला. पुढें त्याच्या संघाची तक्रार मान्य झाली आणि उरलेला खेळ १८ ऑगस्टला पुरा करावा लागला. मुठीवरच्या डांबरासाठीं एवढें रणकंदन!

आपल्याकडील उदाहरण सचिन तेंडुलकर यांचें. लहानपणीं ते थोरल्या भावाच्या बॅटनें खेळत. ती त्यांच्या मानानें फार मोठी. ती उचलण्यासाठीं दांडा अगदीं खालीं, फळीजवळ धरावा लागे. पुढें त्यांचे गुरु रमाकांत आचरेकर यांनीं ती पकड बदलून पाहिली; परंतु हात जुन्या जागींच गेला आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिला. दांडा हाताला जी संवय लावतो ती इतकी खोल जाते. तेंडुलकरांचें त्यांत कल्याण झालें. बेमाप कुदळीनें दुखावलेल्या मनगटाचें तसें होत नाहीं.

परंतु मूठ मापाची असणें ही ज्यांच्या बाबतींत नुसत्या सोयीची गोष्ट नाहीं, तर बोटें राहण्या-जाण्याची गोष्ट आहे, अशीं माणसेंहि आहेत. आणि त्यांच्यासाठीं पुन्हां चंद्रपूर जिल्ह्यांतच यावें लागतें. तेथें वरोऱ्याला बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि पुढें आनंदवन उभें राहिलें, तें कुष्ठरुग्णांच्या स्वतःच्या श्रमानें, खडकाळ जमिनींत विहीर खणून आणि शेत काढून. भिक्षेऐवजीं श्रम, हें त्या संस्थेचें धोरण. श्रम म्हटला कीं हत्यार आलें, आणि हत्यार म्हटलें कीं मूठ आली. कुष्ठरोगांत मज्जातंतूंना इजा होऊन हात बधिर होतात. रोग आज औषधांनीं पूर्ण बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. आपल्या हाताला दांडा टोंचूं लागला कीं आपण नकळत पकड बदलतों. बधिर हात ती बदलीत नाहीं. उलट, दांडा नीट धरला आहे कीं नाहीं हेंच कळत नसल्यानें तो गरजेपेक्षां फार जोरानें आवळतो. फोड येतो, फुटतो, जखम चिघळते, हाडापर्यंत पोंचते, आणि बोट आंखूड होत जातें. बोटें रोगानेंच झडतात अशी समजूत फार काळ चालत आली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें जातात तीं मुख्यतः न कळलेल्या जखमांनीं.

म्हणून अशा हातासाठीं दांडा नेहमींपेक्षां जाड करावयाचा. भार तोच असला तरी तो अधिक जागेवर पसरला म्हणजे एका ठिकाणचा दाब कमी होतो, हें साधें गणित. त्यावर मऊ रबराचें किंवा कापडाचें वेष्टण असावें. कोठें कंगोरा, खिळ्याचें डोकें किंवा शिवण असूं नये. मधून मधून काम थांबवून तळहात डोळ्यांनीं तपासावा; जेथें लाली तेथें दाब. स्पर्शाचें काम येथें दृष्टीला करावें लागतें. ज्यांचीं बोटें वांकडीं झालीं आहेत त्यांच्यासाठीं मुठीवर ओला, मागाहून कठीण होणारा लेप देऊन त्यावर त्यांचा हात दाबून घेतात. त्या एका हाताचा ठसा घेऊन ती मूठ वाळते. ती जगांत दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नसते, आणि हेंच तिचें मोल.

श्रोतेहो, हा विचार आपल्या घरींहि उपयोगाचा आहे. सांधे धरलेल्या आजीच्या हातीं बारीक मुठीची सुरी देऊन ‘तिला आतां भाजी चिरवत नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं त्या मुठीवर चार वेढे देऊन पाहावे. बागेंत कामाला येणाऱ्या माणसासाठीं खुरपें घेतांना त्याची मूठ एकदां त्यालाच धरून पाहूं द्यावी. मनुष्याला हात मिळतात ते मिळतात. ते बदलून घेतां येत नाहींत. दांडा बदलतां येतो.