बॅटरी भार दिल्यावरच बोलते



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ या विषयावर 5 मिनिटं दिली आहेत. सॉफ्टवेअरवाली म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे मल्टिमीटरवर. कारण इथे बसलेल्या कितीतरी जणांचे आईवडील गावात एकटे राहतात आणि त्यांच्या घरात एक इन्व्हर्टर असतो.

माझ्या वडिलांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. साधारण 350 वॅटचं यंत्र. गेल्या पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टर 7 मिनिटांत शिट्टी देऊन बंद पडला. घरात सिलिंडर भरलेला होता म्हणून निभावलं. आधल्याच आठवड्यात दुकानाचा माणूस मीटर लावून ‘12.6 आहे, एकदम ओके’ असं सांगून गेला होता. तो आकडा खोटा नव्हता, पण तो निवांत बसलेल्या बॅटरीचा होता.

दहावीत फळ्यावर लिहिलेला ओहमचा नियम आठवा. 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत 6 घट असतात. काही जोडलेलं नसताना पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली 12.2 च्या आसपास. बॅटरी जुनी झाली, प्लेटांवर सल्फेट साचलं, की तिचा अंतर्गत रोध वाढतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नाही, त्यामुळे हा रोध दिसत नाही. 350 वॅटचं यंत्र मात्र बॅटरीतून 30 अँपिअरच्या आसपास धारा ओढतं. रोध फक्त 0.05 ओहम असला, तरी दीड व्होल्ट आतल्या आत खर्च होतो. मी घरी जाऊन मोजलं, तर भार देताच आकडा 11 च्या खाली आला आणि बघता बघता 10.5 वर. तिथे इन्व्हर्टर बंद होतो.

म्हणून दिवाळीत घरी जाल तेव्हा एवढं करा. यंत्राची गरज नसेल अशा एखाद्या दुपारी इन्व्हर्टरचा मेन सप्लाय बंद करा. रोजचे पंखे, दिवे आणि ते यंत्र चालू करा. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा आणि दर 10 मिनिटांनी आकडा वहीत लिहा. चांगली बॅटरी थोडी खाली येऊन टिकते. आकडा सरसर घसरला, तर बॅटरी बदला. लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात नाही ना, हे आधी पाहा. तशीच टोकांना लावली, तर थेट शॉर्टसर्किट होतं.

आता आपल्या खिशातला जुना मित्र, टेस्टर. त्यात एक मोठा रोध आणि एक निऑनचा छोटा दिवा असतो. अगदी थोडी धारा आपल्या शरीरातून जमिनीत जाते, तेव्हा तो पेटतो. त्यामुळे लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं, तर तो दिसेल न दिसेल इतका मंद पेटतो. न्यूट्रल तुटलेली असेल आणि एखादं उपकरण चालू राहिलं असेल, तर दोन्ही भोकांत पेटतो. म्हणजे टेस्टर पेटला नाही, एवढ्यावरून वीज नाही असं धरायचं नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर पाहायचा, मग कामाची जागा, मग पुन्हा चालू सॉकेट. तिन्ही उत्तरं जुळली, की मगच हात लावायचा. बोर्डात काम असेल तर वायरमनलाच बोलवा, पण तो असं करतो का, हे तुम्ही पाहा.

सॉफ्टवेअरमध्येही आम्ही हेच करतो. एका माणसाने बटण दाबून चाललं, याला चाचणी म्हणत नाहीत. हजार माणसं एकदम आली तर काय होतं, ते पाहावं लागतं.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या संगणक कक्षाला नव्या बॅटऱ्या द्यायचं घाटतं आहे. देऊ या, पण आधी जुन्या मोजू या. चारपैकी एखादीच खराब निघाली, तर खर्चाचा सगळा हिशेब बदलेल. उद्या सकाळी 10 वाजता मी मीटर घेऊन तिथे येते. आकडे लिहायला कुणीतरी या. बाई, तुम्हीही या. प्रयोगवहीवर सही तुमचीच हवी.