अधिकार आणि औचित्य

(महाड तालुक्यातील दासगाव येथे, २००५ च्या दरड दुर्घटनेतील मृतांच्या स्मरणार्थ झालेल्या सभेतील भाषणाचा संपादित भाग)



न्यूयॉर्कमधील एका मशिदीच्या वादावर मी येथे बोलणार आहे, हे समजल्यावर संयोजकांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "दासगावात हा विषय कशासाठी?" प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की, या वादाचा मर्मभाग ज्यांना पुस्तके न वाचता कळेल, अशी माणसे महाराष्ट्रात जर कोठे असतील तर ती येथे आहेत.

२००५ च्या जुलैची २५ आणि २६ तारीख आपणांस सांगावयास नको. जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण. चार गावांवर डोंगर कोसळला आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांनी मी बातमीदार म्हणून येथे आलो होतो. चिखलाच्या एका सपाट पट्ट्यावर एक वृद्ध गृहस्थ नारळ, हळदकुंकू आणि दोन अगरबत्त्या घेऊन बसले होते. येथे काय होते, असे मी विचारले. "ओटी," ते म्हणाले. घराची ओटी. जमिनीवर खूण अशी काहीच उरली नव्हती. पण आपण नेमके कोठे बसलो आहोत, हे त्यांना वीतभरही न चुकता ठाऊक होते.

पुढे २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि काहींचे देह सापडलेच नाहीत. २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीतही तसेच घडले. शोधकार्य थांबवावे लागले आणि उरलेल्यांना मृत घोषित करण्यात आले. आपल्याकडे देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात. कोकणी मुसलमानांत समोर नसलेल्या मृतासाठी जनाज्याची नमाज पढतात. विधी वेगळे, पण गरज एकच. आणि दोन्ही घरांसाठी ती जमीन मग साधी जमीन राहत नाही. तेच स्मशान, तेच कब्रस्तान.

आता न्यूयॉर्ककडे वळू. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी २,७५३ माणसे मारली गेली. त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के माणसांच्या देहाचा ओळख पटण्याजोगा एक कणही वीस वर्षांनंतर त्यांच्या घरच्यांना मिळालेला नव्हता. त्या जागेला अमेरिकेत पवित्र भूमी म्हणू लागले, ते काही पुढाऱ्यांनी शिकवले म्हणून नव्हे. ज्या बाईच्या नवऱ्याची राखही हाती आली नाही, तिने ती जागाच राख मानली.

तेथून दोन गल्ल्या अंतरावर, पार्क प्लेस या रस्त्यावर, कपड्यांच्या दुकानाची एक जुनी इमारत होती. हल्ल्याच्या दिवशी विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा एक भाग तिच्या छतातून आत कोसळला होता. २००९ मध्ये शरीफ अल-गमाल या व्यावसायिकाच्या कंपनीने ती विकत घेतली. इमाम फैसल अब्दुल रौफ यांच्या सहकार्याने तेथे तेरा मजली इस्लामी केंद्र उभे करण्याची योजना पुढे आली. सभागृह, पोहण्याचा तलाव आणि नमाजाची जागा, असा तो एकंदर बेत होता. नाव ठेवले 'कॉर्डोबा हाऊस'. पुढे ते बदलून 'पार्क ५१' केले.

कॉर्डोबा हे स्पेनमधील शहर. इमामसाहेबांच्या मते ते मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या सहजीवनाचे प्रतीक. विरोधकांच्या मते विजेत्यांनी उभारलेल्या भव्य मशिदीचे स्मरण. विजयाची इमारत म्हणजे काय, हे हिंदू माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दिल्लीला कुतुबमिनाराशेजारच्या मशिदीच्या शिलालेखातच सत्तावीस मंदिरांच्या साहित्याचा उल्लेख आहे. तथापि, या इमामांच्या मनात तशी भावना होती, असे मी म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय आरोप करणे हा पत्रकाराचा धर्म नव्हे. पण नाव ठेवताना ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार करावा लागतो. तो त्यांनी केला नाही, आणि नाव बदलावे लागले यातच ते आले.

२५ मे २०१० रोजी स्थानिक नागरी मंडळाने २९ विरुद्ध १ मतांनी योजनेला पाठिंबा दिला. दहा जण तटस्थ राहिले. ३ ऑगस्टला जुन्या वास्तूंच्या जतनासाठी असलेल्या आयोगाने ती इमारत संरक्षित ठरवण्यास एकमताने नकार दिला. कायद्याची वाट मोकळी झाली. महापौर ब्लूमबर्ग खंबीरपणे योजनेच्या बाजूने उभे राहिले. १३ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी व्हाइट हाऊसमधील इफ्तारच्या वेळी, मुसलमानांना तेथे बांधकाम करण्याचा अधिकार आहे, असे सांगितले. आणि दुसऱ्याच दिवशी खुलासा केला की आपण अधिकाराविषयी बोललो, तेथे बांधणे शहाणपणाचे आहे की नाही याविषयी नव्हे. या खुलाशाची बरीच थट्टा झाली. मला मात्र वाटते की संपूर्ण वाद त्या एका खुलाशात सामावलेला आहे. अधिकार ही एक गोष्ट आणि औचित्य ही दुसरी.

त्या सुमारास झालेल्या पाहण्यांत सुमारे दोन तृतीयांश अमेरिकनांनी योजनेला विरोध दर्शवला होता. यहुदी विरोधी द्वेषाशी लढण्यासाठी स्थापन झालेल्या 'अँटी डिफेमेशन लीग' या संघटनेनेही, हक्क मान्य करूनच, जागा बदलावी असे म्हटले. तिच्या या भूमिकेमुळे मुंबईत जन्मलेले पत्रकार फरीद झकेरिया (आपल्या परिचयाच्या रफिक झकेरियांचे चिरंजीव) यांनी तिने दिलेला पुरस्कार आणि त्यासोबतची दहा हजार डॉलरची रक्कम परत केली. त्यांचे मत मला पटत नाही. पण मतासाठी पदरचे काही देणारा माणूस आपल्याकडे किती दिसतो?

न्यूयॉर्कचे तत्कालीन गव्हर्नर डेव्हिड पॅटर्सन यांनी, केंद्र दुसरीकडे नेण्यास तयार असाल तर सरकारी जागा शोधण्यास मदत करू, अशी तयारी दाखवली होती. ती स्वीकारली गेली नाही. ती स्वीकारायला हवी होती, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी मी दाखला देतो तो ख्रिस्ती जगातला.

पोलंडमध्ये आउश्वित्झ येथे नाझींची छळछावणी होती. तेथे मारलेल्यांत बहुसंख्य ज्यू. १९८४ मध्ये कार्मेल पंथाच्या काही जोगिणी छावणीच्या कुंपणालगतच्या एका इमारतीत राहू लागल्या. ज्या विषारी वायूने माणसे मारली, त्याचे डबे युद्धकाळात त्याच इमारतीत साठवले जात. जोगिणींचा हेतू शुद्ध होता. मृतांसाठी प्रार्थना करणे, एवढाच. तरीही जगभरच्या ज्यूंना वेदना झाल्या. आमचे मृत त्यांच्या पद्धतीच्या शांततेत असू द्या, त्यांच्यावर दुसऱ्याच्या प्रार्थनेची सावली नको, असे त्यांचे म्हणणे. १९८७ मध्ये मठ हलवण्याचा करार झाला, तो पाळला गेला नाही, १९८९ मध्ये कुंपणावर चढून निदर्शने झाली, कटू शब्द उच्चारले गेले. अखेर १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः पत्र लिहिले आणि जोगिणी तेथून निघाल्या. पोप स्वतः पोलिश होते. कायद्याने त्यांना कोणीही भाग पाडले नव्हते. शुद्ध हेतूही दुसऱ्याच्या दुःखापुढे एक पाऊल मागे घेऊ शकतो. त्याने धर्म लहान होत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुमच्याशी प्रतारणा होईल. त्या हल्ल्यात मुसलमानही मेले. दक्षिणेकडील मनोऱ्यात सतराव्या मजल्यावर नमाजाची एक खोली होती; तीही मनोऱ्याबरोबर गेली. सलमान हमदानी हा पोलीस दलातील तरुण प्रशिक्षणार्थी बचावासाठी धावून गेला आणि तेथेच मेला. त्याचे अवशेष सापडेपर्यंत काही वृत्तपत्रांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. त्याच्या आईला ती भूमी पवित्र नाही काय? मृतांची कुटुंबेही एका सुरात बोलत नव्हती. काहींचा योजनेला कडवा विरोध, काहींचा उघड पाठिंबा. फ्लोरिडातील एका पाद्र्याने कुराण जाळण्याची धमकी दिली, तेव्हा तर दुःखितांचा प्रश्न बाजूला पडून निवडणुकीच्या वर्षातील तमाशाच सुरू झाला. ज्यांच्या घरातले कोणी गेले नव्हते, त्यांचाच आवाज सर्वांत मोठा होता. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आपल्या पंचक्रोशीचेच पाहा. पोलादपूरचा घाट चढला की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान मारला गेला आणि त्याच्या देहाचे दफन महाराजांनी सन्मानाने करवले, असे परंपरा सांगते. कबर राहिली. पुढे तिच्याभोवती वनखात्याच्या जागेत अनधिकृत बांधकामे वाढली, त्यावरून वर्षानुवर्षे आंदोलने झाली, आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी शासनाने ती हटवली. बांधकामे गेली, कबर आजही आहे. शत्रूच्या मृत्यूचा मान आणि त्या मृत्यूभोवती उभा केलेला मांडव, या दोहोंतील भेद महाराष्ट्राला कळतो.

आणि २४ ऑगस्ट २०२०. महाड शहरात तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा जण गेले, त्यांत बहुतेक मुसलमान. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा मुलगा जिवंत बाहेर काढला, तेव्हा सारी गर्दी आनंदाने ओरडली होती. त्या गर्दीत कोण कोणत्या आळीचा, हे कोणी पाहिले नाही. म्हणून मी न्यूयॉर्कच्या मुसलमानांना परके ठरवून बोलत नाही. शेजारी म्हणूनच बोलतो. शेजाऱ्याच्या घरी सुतक असताना आपल्या अंगणात मांडव घालण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार असतो. आपण घालत नाही.

त्या जागेचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. तेरा मजली केंद्र कधीच उभे राहिले नाही. २०११ च्या आरंभी इमामसाहेब आणि मालक यांचे मार्ग वेगळे झाले. मग लहानशा संग्रहालयाची योजना आली, आणि अखेरीस जुनी इमारत पाडून तेथे श्रीमंतांसाठी सदनिकांचा उत्तुंग मनोरा उभारण्याचे ठरले. मनोऱ्याच्या पायाशी ग्रीक ख्रिश्चनांचे सेंट निकोलस नावाचे छोटेसे चर्च होते, तेही त्या दिवशी ढिगाऱ्याखाली चिरडले गेले होते. ज्यांचे मंदिर त्याच भूमीत गाडले गेले, त्यांनाही ते पुन्हा उघडण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. एकवीस वर्षे. दासगावातील कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले, ते येथे बसलेल्यांना तोंडपाठ आहे. त्या ओटीच्या जागी आता काय आहे, हे मघाशी मी एकाला विचारले. गवत आहे, म्हणाला.