नंबर शेजाऱ्यांचा

जुन्या लग्नपत्रिका चाळल्या, तर निमंत्रकाच्या पत्त्याखाली फोन नंबर आणि त्यापुढे कंसात ‘पी.पी.’ असं छापलेलं सापडतं. नंबर शेजाऱ्यांचा, माणूस आपला!

बारामती-इंदापूर रस्त्यावरचं लासुर्णे घ्या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस फोफावला, भवानीनगर आणि वालचंदनगरला कारखान्यांची धुराडी उभी राहिली. पण अशा गावांत फोन घरोघरी पोचायला विसावं शतक सरत आलं. तोवर पोस्ट, किराणा दुकान नाहीतर एखाद्या बागायतदाराची ओसरी हाच आळीचा आधार.

‘जरा अमक्यांना बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो,’ असं पलीकडून कुणी म्हणालं, की घरातलं पोरगं वस्तीकडे पळायचं. बोलावलेली बाई पदराला हात पुसत यायची. मुंबई लांब, म्हणून आवाजही मोठा. लेकाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, सारं ओसरीला ऐकू जायचं. मयताची बातमी मात्र आधी फोनवाल्याच्या कानी पडे. ती दारात जाऊन तशीच सांगता येत नसे. ‘तब्येत जास्त झालीय, लगेच निघा,’ एवढंच बोलून तो एसटीची वेळ सांगायचा. हे काम त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. त्या काळाचा खरा मान अशा घरांना द्यायला हवा.

बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळायचं. साधा, अर्जंट, लाइटनिंग. जशी घाई तसा दर. हिशेब तीन-तीन मिनिटांचा.

१९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान देशातली पहिली एसटीडी, म्हणजे कॉल न नोंदवता थेट नंबर फिरवायची सोय, सुरू झाली, पण खेड्यांना तिचा उपयोग व्हायला वेळ लागला. १९८४ साली सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं. त्यानं वातानुकूलनाशिवाय, धुळीत-उन्हात चालणारं छोटं ग्रामीण एक्स्चेंज घडवलं; १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसलं. मग नाक्यानाक्यावर पिवळे एसटीडी बूथ आले आणि रात्री अकरानंतर, पाव दरात बोलायला, रांगा लागू लागल्या.

सामायिक लाइन तरीही संपली नव्हती. आडगावांसाठी सरकारनं ‘मार’ नावाची रेडिओ यंत्रणा आणली. तिच्या एका प्रकारात दोन वाहिन्या पंधरा फोनांत वाटलेल्या असत. दोन गावं बोलू लागली, की उरलेल्या तेरांनी थांबायचं. बिघाडही वारंवार होत. पुढे हे फोन बदलून तिथे नवी यंत्रणा बसवावी लागली.